जुने नकाशे आणि स्थानिक इतिहासाचे लेखन : पेडगाव (जि. परभणी) या गावाच्या निमित्ताने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : स्थानिक इतिहास, भू-आलेख, महसुली मोजणी, गावठाण, हैदराबाद संस्थान, मराठवाडा

प्रस्तावना

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्रास वापरला जातो. परंतु हे पेडगाव कोणते, असा प्रश्न तो वापरणाऱ्याला सहसा पडत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही. भीमेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यात एक पेडगाव आहे. मोगल सुभेदार बहादुरखान याची छावणी तेथे होती, तेथील किल्ल्याला बहादुरगड हे नाव पडले आणि 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले गेले ते तेथेच. दुसरे पेडगाव परभणी तालुक्यात, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, परभणी जंक्शनच्या मनमाडकडील बाजूस आहे. या दोन गावांत रेखांशाचे सुमारे दोन अंशांचे अंतर आहे. पहिल्याचे वर्णन 1884 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये तपशिलाने आले. दुसऱ्याच्या वाट्याला असे वर्णन आले नाही.

नामसाम्यामुळे दुसऱ्या पेडगावचा शोध घेणारा विद्यार्थी फार लवकर पहिल्या पेडगावच्या इतिहासात जाऊन पोहोचतो, हा या विषयातील पहिला धोका होय. त्यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे नकाशा. अक्षांश-रेखांश पाहिले की ‘पेडगावची छावणी’ आणि ‘पेडगावचे स्थानक’ ही दोन वेगवेगळ्या गावांची वर्णने आहेत, हे कळते. परंतु नकाशाचा उपयोग इतक्यावरच थांबत नाही आणि त्याचे धोकेही इतके साधे नाहीत. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील या छोट्या गावाच्या निमित्ताने, लिखित साधने अल्प असलेल्या प्रदेशात जुन्या नकाशांवरून स्थानिक इतिहास लिहिण्याच्या पद्धतीची चिकित्सा केली आहे. जुना नकाशा गावाबद्दल सांगतो त्यापेक्षा अधिक तो काढणाऱ्याच्या गरजेबद्दल सांगतो आणि ही गरज ओळखल्यानंतरच तो गावाबद्दलही विश्वासार्ह साक्ष देऊ लागतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

साधनांचे दारिद्र्य आणि नकाशाकडे वळण्याची कारणे

पश्चिम महाराष्ट्रातील गावाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यापुढे पेशवे दप्तर असते, इनाम कमिशनची कागदपत्रे असतात आणि जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली 1877 पासून प्रसिद्ध होऊ लागलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरमाला असते. मराठवाड्याचे तसे नाही. निजामी राजवटीचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेत राहिले. जुनी कागदपत्रे फारसीत, नंतरची उर्दूत आणि गावपातळीवरची मोडीत अशी विभागली गेली. 1883-84 मध्ये सय्यद हुसेन बिलग्रामी व विल्मट यांनी संस्थानचे ऐतिहासिक व वर्णनात्मक टिपण तयार केले, 1909 मध्ये इम्पीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालेत हैदराबाद संस्थानावर स्वतंत्र खंड निघाला. परंतु जिल्ह्याची मुख्यालये आणि मोजकी व्यापारी गावे यांच्यापलीकडे त्यांची नजर फारशी जात नाही. परभणी जिल्ह्याचे मराठी राजवटीतील गॅझेटियर तयार झाले ते 1967 मध्ये. तोपर्यंत जहागिरी संपल्या होत्या, 1956 च्या पुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात आला होता आणि जुनी पिढी मागे पडू लागली होती.

त्यामुळे मराठवाड्यातील स्थानिक इतिहासाचे लेखन बरेचसे मुक्तिसंग्रामाभोवती केंद्रित झाले. ते स्वाभाविकही होते. अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथाने त्या लढ्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या गावाचा इतिहास 1938 ते 1948 या दहा वर्षांत सुरू होऊन तेथेच संपत नाही. गाव कोठे वसले, पाणी कोठून आले, बाजाराची वाट कोणती होती, कोणाची वस्ती शिवेच्या आत होती व कोणाची बाहेर, या प्रश्नांना लिखित चरित्रे आणि आठवणी उत्तर देत नाहीत. येथे नकाशा उपयोगी पडतो. पण आजवरच्या महाविद्यालयीन प्रबंधांत त्याला बहुधा शेवटच्या परिशिष्टात जागा मिळते. सजावट म्हणून तो छापला जातो आणि त्याच्यावर एक वाक्यही लिहिले जात नाही. हा दोष मार्गदर्शकांचा जितका आहे तितकाच अभ्यासक्रमाचाही आहे. इतिहासाचा विद्यार्थी मोडी शिकतो, परंतु भू-पत्रकाचे वाचन भूगोल विभागाकडे सोपवून मोकळा होतो.

फौजेच्या नजरेने पाहिलेला प्रदेश

मराठवाड्याचे पहिले पद्धतशीर नकाशे कंपनी सरकारच्या सर्वेक्षकांनी काढले. 1798 व 1800 च्या तहांनी निजाम कंपनीच्या तैनाती फौजेच्या आधिपत्याखाली आला. 1803 मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे लढाई झाली. अशा मोहिमांत फौजा ज्या वाटांनी चालत त्या वाटा मोजल्या जात. जेम्स रेनेल यांच्या 1782 च्या हिंदुस्थानच्या नकाशापासून पुढील काही दशके दख्खनचे चित्र प्रामुख्याने अशा वाटांच्या मोजणीवर उभे होते. मार्गावरचे खेडे नोंदले जाई, मार्गापासून चार कोस आत असलेले मोठे गावही सुटून जाई. म्हणून त्या काळच्या नकाशात एखादे गाव नाही एवढ्यावरून ते गाव तेव्हा वसलेले नव्हते, असे अनुमान काढणे सर्वथा चुकीचे आहे. हा दोष स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांतून वारंवार आढळतो.

1802 मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लॅम्बटन यांनी पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्यांची महान चापरेषा 78 अंश पूर्व रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली आणि 1823 मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. परभणी या रेषेच्या पश्चिमेस सव्वा अंशाच्या आत आहे. या त्रिकोणांच्या आधारे 1816 पासून जेम्स गार्लिंग व त्यांच्यानंतरच्या अधिकाऱ्यांनी निजामाच्या मुलखाची भू-आकृतिक पाहणी केली. या कामाची हकिकत आर. एच. फिलिमोर यांनी 1945 पासून प्रसिद्ध केलेल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऐतिहासिक नोंदींच्या खंडांत विस्ताराने आली आहे आणि नकाशाचा उपयोग करू इच्छिणाऱ्याने नकाशाच्या आधी ते खंड वाचावेत, हे बरे. पुढे या पाहणीचा सारांश एका इंचास चार मैल या प्रमाणावरील ‘इंडियन ॲटलास’च्या पत्रकांत उतरला.

या नकाशांची दिशा कोणती, हे परभणीच्या परिसरात स्पष्ट दिसते. जालना आणि हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंट फौजेची ठाणी होती. ठाण्यांना जोडणारे रस्ते, नद्यांचे उतार, तोफा ओढून नेता येतील असे घाट या बाबींना सर्वेक्षकाच्या लेखी प्राधान्य होते. पावसाळ्यात चिखलाने बंद पडणारी काळ्या रानातील बैलगाडीची वाट त्याच्या दृष्टीने दुय्यम होती. गावकऱ्यांसाठी मात्र तीच मुख्य वाट होती. तिच्यावरून बाजार, सोयरीक आणि जत्रा चालत. फौजी रस्त्यालाच गावाचा ‘प्राचीन व्यापारी मार्ग’ म्हणून गौरवणे म्हणजे सर्वेक्षकाच्या गरजेला गावाचा इतिहास समजणे होय.

भू-पत्रक 56 अ/11

1904-05 च्या सर्वेक्षण समितीनंतर भारतीय नकाशांचा नमुना बदलला आणि रंगीत एक इंची पत्रके निघू लागली. दशमान पद्धत स्वीकारल्यावर त्यांची जागा 1:50,000 प्रमाणावरील पत्रकांनी घेतली. या मालिकेत 76 ते 77 अंश पूर्व व 19 ते 20 अंश उत्तर यांमधील चौकोनाला 56 अ हा क्रमांक आहे आणि त्याचे पंधरा कलांचे सोळा भाग पाडले आहेत. परभणी शहर 76 अंश 45 कलांच्या रेषेच्या किंचित पूर्वेस येते, म्हणून ते 56 अ/15 या पत्रकावर पडते. पेडगाव त्या रेषेच्या पश्चिमेस, म्हणून ते 56 अ/11 वर जाते.

हा योगायोग वाटतो तितका क्षुल्लक नाही. ज्या शहराशी गावाचा रोजचा व्यवहार आहे ते शहर आणि ते गाव दोन वेगळ्या कागदांवर आहेत. ती पत्रके वेगवेगळ्या वर्षी मोजलेली किंवा सुधारलेली असू शकतात आणि तसे असेल तर कागदाच्या कडेवर एकाच रस्त्याचे दोन काळ एकमेकांना भिडतात. एका पत्रकावर पक्की सडक, शेजारच्या पत्रकावर तीच कच्ची, असे दिसले की ‘येथून पुढे रस्ता बिघडला’ असे न म्हणता मोजणीची वर्षे तपासावी लागतात. पत्रकाच्या तळाशी मोजणीचे वर्ष, प्रकाशनाचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. संदर्भ देताना पुनर्मुद्रणाचे वर्ष लिहून त्या वर्षी गाव असेच होते असे गृहीत धरण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की, ती चूक मानली जात नाही. छापील वर्ष 1970 चे आणि भूमी त्याच्याही आधीच्या दशकांतील, ही स्थिती सहज संभवते.

पत्रकाची समृद्धी त्याच्या चिन्हांत आहे. विहिरी, तळी, मंदिरे, मशिदी, ईदगाह, थडगी, बैलगाडीच्या वाटा, पाऊलवाटा, आठवडी बाजाराचा वार, ओसाड पडलेली गावे ही सारी माहिती एका कागदात मावते. ओसाड गावाची खूण विशेष महत्त्वाची आहे. महसुली भाषेत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. 1630-32 चा किंवा 1899-1900 चा दुष्काळ यांपैकी कोणत्या आपत्तीने ते उठले, की केवळ पाण्याजवळ सरकले, हे नकाशा सांगत नाही. तो केवळ जागा दाखवतो. पण ती जागा मिळाली की महसुली दप्तरात त्या नावाच्या गावाचा शोध घेता येतो, आणि शेजारच्या वस्तीत ‘आमचे मूळ गाव अमुक’ असे सांगणाऱ्या कुळांचा माग लागतो.

नावांच्या बाबतीत मात्र पत्रकावर अतिविश्वास ठेवू नये. रोमन लिपीत ड आणि द यांतील भेद नाहीसा होतो. उर्दू लिपीत तर शब्दाच्या मध्ये येणारे ई, ए आणि ऐ हे तिन्ही स्वर एकाच अक्षराने लिहिले जातात, म्हणून पेड, पीड आणि पैड ही तिन्ही रूपे लेखनात सारखीच दिसतात. फारसी-उर्दू दप्तरातून इंग्रजी नकाशात व तेथून पुन्हा देवनागरीत असा प्रवास केलेल्या नावावरून व्युत्पत्ती मांडणे धाडसाचे आहे. आधी शेजारच्या गावांची नावे पाहून जागा निश्चित करावी, मग नावाकडे वळावे.

पांढरीची पांढरी जागा

स्थानिक इतिहासाला सर्वांत जवळचा नकाशा महसुली गावनकाशा होय. 1865 च्या जिलाबंदीनंतर सालारजंग यांच्या सुधारणांच्या ओघात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात, मराठवाड्यातील खालसा गावांची मुंबई पद्धतीवर मोजणी झाली. शंकूसाखळीने शेत मोजले गेले. तेहेतीस फुटांची साखळी, एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याचे टिपण झाले, आकार बसला आणि सर्व नंबर जुळवून गावनकाशा तयार झाला. हे नकाशे प्रायः मैलास आठ इंच या प्रमाणावर काढले जात. भू-पत्रकात जे गाव बोटाच्या पेराएवढे दिसते ते येथे टेबलाएवढे होते.

तरीही गावाच्या इतिहासाच्या दृष्टीने या नकाशात एक विलक्षण उणीव आहे. ज्या वस्तीचा इतिहास लिहावयाचा ती वस्तीच त्यात कोरी असते. मोजणी सारा आकारण्यासाठी होती. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून गावठाणाची केवळ बाह्यसीमा काढून आतला भाग मोकळा सोडला गेला. मराठी बोलीत वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतीच्या रानाला ‘काळी’ म्हणतात. मातीच्या रंगावरून ही नावे आली. पिढ्यान्पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख आणि शेणमाती मुरून झालेली पांढरी म्हणजे खरे पाहता गावाचा सर्वांत जुना दस्तऐवज. महसुली नकाशात काळीचा प्रत्येक बांध आहे, पांढरी मात्र अक्षरशः पांढरी आहे. वाडे, आळ्या, वेस, चावडी, बारव यांचे स्थान त्यावरून कळत नाही. गावठाणातील घरांची मोजणी देशभर हाती घेण्यात आली ती 2020 च्या स्वामित्व योजनेत, ड्रोनच्या साहाय्याने. म्हणजे शेताचा नकाशा आणि घराचा नकाशा यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर पडले, आणि एवढ्या काळात कितीतरी वाडे उतरले गेले.

ही उणीव अभ्यासकाला पायी फिरावयास लावते, आणि ते इष्टच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (1962) या ग्रंथात पुणे परिसरातील जुन्या वाटा आणि देवतास्थाने यांचा जो मेळ घातला तो कागद आणि पाय या दोहोंच्या आधारे. मराठवाड्याच्या काळ्या रानात त्या पद्धतीचा अवलंब फार कमी झाला.

काळीच्या नकाशात मात्र वाचण्यासारखे पुष्कळ आहे. नंबरांचे आकार पाहावेत. अरुंद व लांबट पट्ट्या एका उगमाकडे जमलेल्या दिसल्या तर एका मोठ्या शेताच्या वाटण्या झाल्या असाव्यात अशी शंका घ्यावी आणि फाळणीच्या कागदांत तिची खातरजमा करावी. गावठाणाला लागून असलेल्या नंबरांचे धारक कोण, हे जुन्या अधिकारअभिलेखाशी ताडून पाहावे. मराठवाड्यातील शिवारांत गुरवकी, जोशीवतन, हाडोळा अशी शेतांची नावे आजही बोलण्यात आहेत. 1954 च्या हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याच्या कायद्याने इनामाचे कायदेशीर स्वरूप गेले, शेताचे नाव मात्र उरले. असे नाव आणि सर्व्हे नंबर यांची जोडी जमली की गावाच्या सेवाव्यवस्थेचा एक नकाशा हाती येतो, जो कोणी सर्वेक्षकाने काढलेला नाही.

खालसा, सर्फ-ए-खास, पायगा आणि जहागीर असे निजामी मुलखातील गावांचे भेद होते. जहागिरीतील गावांची मोजणी अनेकदा खालशाच्या मागाहून, कित्येक ठिकाणी 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्यानंतर झाली. शेजारच्या गावाचा जुना नकाशा मिळतो व आपल्या गावाचा मिळत नाही, यामागे कागद हरवण्याखेरीज हेही कारण असू शकते. कागदांवरील फसली सनाचा हिशेबही ध्यानात ठेवावा लागतो: हैदराबादच्या फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो, 1357 फसली म्हणजे 1947-48, पोलीस कारवाईचे वर्ष. हा साधा हिशेब चुकल्याने घटना दहा-दहा वर्षे पुढेमागे सरकलेल्या प्रकाशित लेखनातही पाहावयास मिळतात.

वस्त्यांच्या नावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या नकाशांवर जातिवाचक वस्तीनावे छापलेली आहेत. 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि तो सर्वथा योग्य होता. इतिहासलेखनात मात्र जुने नाव पुसून टाकले तर वस्ती गावाच्या कोणत्या दिशेला, पाण्यापासून किती दूर आणि वेशीच्या कोणत्या बाजूस ठेवली गेली होती, याचा पुरावाही पुसला जातो. भू-पत्रकात हीच वस्ती मुख्य वस्तीपासून अलग पडलेला, नाव नसलेला ठिपका म्हणून येते. त्या ठिपक्याकडे दुर्लक्ष करून लिहिलेला गावाचा इतिहास अर्ध्या गावाचाच ठरतो.

रूळ आणि पाणी

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटर मापी म्हणून 1900 च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याचे रुंद मापात रूपांतर झाले. नकाशात रुळांची चिन्हे मापानुसार बदलतात, म्हणून हा बदल पत्रकांच्या दोन आवृत्त्यांतून दिसतो. रेल्वेने कापसाचा व्यापार वाढवला, सेलू-मानवतसारख्या पेठांना बळ दिले. पण लोहमार्ग नेहमी पेठेतून गेला असे नाही. मानवत शहर रुळापासून दूर राहिले म्हणून स्थानकाचे नाव ‘मानवत रोड’ पडले. पेडगावच्या स्थानकाच्या नावाला ‘रोड’ची पुस्ती नाही. स्थानकाचे नाव, स्थानक आणि गावठाण यांच्यातील अंतर आणि त्या अंतरात पुढे वाढलेली वस्ती, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर रेल्वेने गावाचे केंद्र सरकवले की नाही, या प्रश्नाला हात घालता येतो. रेल्वे आली आणि गाव भरभराटीस आले, हे विधान बहुतेक पुस्तिकांत गृहीत धरलेले असते. ते नकाशावर सिद्ध करून दाखवावे लागेल.

पाण्याचा बदल त्याहून खोल आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये झाली व 1976 मध्ये ते लोकार्पित झाले. डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्याच्या शेतीचे रूप पालटले. उत्तरेकडून पूर्णा प्रकल्पाचे पाणी आले. कालव्यापूर्वीचे रान कसे होते, विहिरी कोठे दाट होत्या, कोरडवाहू पट्टा कोणता, हे सांगणारे जुने भू-पत्रक आजच्या अभ्यासकाला मोलाचे वाटावे. त्याला अमेरिकेच्या ‘कोरोना’ टेहळणी उपग्रहांच्या छायाचित्रांची जोड देता येते. 1960 ते 1972 या काळात घेतलेली ही छायाचित्रे 1995 मध्ये खुली झाली. मराठवाड्याचे कालवापूर्व रूप त्यांत सापडते. ती युद्धाच्या धास्तीतून काढली गेली आणि आता विहिरी मोजण्यास उपयोगी पडतात, हा इतिहासाचा एक गमतीदार उलटफेर म्हणावा लागेल.

सत्तेचा नकाशा आणि त्यापलीकडे

जे. बी. हार्ले यांनी 1989 मधील आपल्या निबंधात नकाशा हा सत्तेचा पाठ आहे, असे प्रतिपादन केले आणि मॅथ्यू एडनी यांनी 1997 मध्ये ब्रिटिशांच्या भारतीय सर्वेक्षणाला ती दृष्टी लावून ‘मॅपिंग ॲन एम्पायर’ लिहिले. या दृष्टीचा लाभ वर आलेल्या फौजी रस्त्यांच्या उदाहरणात दिसतोच. तथापि हैदराबाद संस्थानात सत्ता एक नव्हती. भू-आकृतिक पाहणी कंपनीची व नंतर ब्रिटिश सरकारची, महसुली मोजणी निजाम सरकारची, जहागिरीतला हिशेब जहागीरदाराचा, आणि शेवटी शिवेचा दगड कोठे ठेवावयाचा याविषयी पाटील-कुलकर्णी यांची सांगी. केवळ साम्राज्याच्या चौकटीत हा नकाशा वाचला तर या चारही हातांतील तणाव सपाट होऊन जातो. सत्तेच्या सिद्धान्ताने गावपातळीवरील नकाशा पूर्णपणे उलगडतो, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. टिपणातील एखादा वाकडा बांध सत्तेमुळे वाकडा असतो, तर कधी ओढ्यामुळे.

दुसरी अतिशयोक्ती अलीकडच्या तंत्रप्रेमातून आली आहे. जुना नकाशा संगणकात घालून उपग्रहचित्रावर ठेवला की इतिहास आपोआप उघड होतो, अशी समजूत पसरत आहे. जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेली, आजची स्थाननिर्देश यंत्रणा जागतिक गोलाभावर. दोहोंत या प्रदेशात शे-दोनशे मीटरांचा फरक पडतो. तो दुरुस्त न करता मंदिर ओढ्यात गेलेले दिसले, म्हणून ‘जुने मंदिर पुरात वाहून गेले’ असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. कागद आकसतो, घडीवर फाटतो, झेरॉक्समध्ये ताणला जातो. टिपण तर मुळातच प्रमाणबद्ध नसते. त्यातील आकडे खरे, आकृती ढोबळ. ते उपग्रहचित्रावर ताणून बसवणे निरर्थक आहे.

नकाशे मिळवणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. 2017 पासून सर्व्हे ऑफ इंडियाची खुली पत्रके आंतरजालावरून घेता येऊ लागली आणि 2021 मध्ये भू-स्थानिक माहितीविषयीची बंधने मोठ्या प्रमाणात सैल झाली. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांतील गावनकाशांची स्थिती तशी नाही. कापडावर चिकटवलेले हे नकाशे हाताळून झिजले आहेत. याच वेळी त्यांचे मोल वाढले आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन नोंदींचा शोध घेतला तेव्हापासून मराठवाड्यातील जुना कागद हा केवळ संशोधकाचा विषय राहिलेला नाही. पाणंद आणि शिवरस्त्याच्या वादात तर गावनकाशावरील एक तुटक रेघ दोन भावकींमधील प्रकरणाचा निकाल फिरवू शकते. अशा स्थितीत स्थानिक इतिहासाच्या लेखकाने एखादी वाट ‘पूर्वापार’ आहे असे लिहिले, तर ते वाक्य उद्या दाव्यासोबत जोडले जाईल, याचे भान ठेवावे लागते. वाट कोणत्या वर्षीच्या कोणत्या नकाशात, कोणत्या चिन्हाने दाखवली आहे आणि त्या आधीच्या नकाशात ती आहे की नाही, एवढे तपशील लिहिल्याविना ‘पूर्वापार’ हा शब्द वापरू नये.

पेडगावच्या बाबतीत काम कोठून सुरू करावे, हे यावरून ठरते. 56 अ/11 च्या उपलब्ध आवृत्त्या आणि कडेचे 56 अ/15 मोजणीच्या वर्षांसह शेजारी मांडावीत; गावनकाशावर गावठाणाची कोरी जागा पेन्सिलीने आखून घ्यावी; आणि मग जुन्या विहिरी, वेस, पार, बारव, स्थानकाकडे जाणारी वाट यांच्या जागा गावातील वृद्धांना विचारून, स्वतः तेथे उभे राहून, त्या कोऱ्या जागेत भराव्यात. प्रत्येक नोंदीसमोर सांगणाऱ्याचे अंदाजे वय आणि सांगितल्याची तारीख असावी. दोन माणसांनी एकच बारव दोन ठिकाणी सांगितली तर दोन्ही जागा तशाच ठेवाव्यात.